गाठ आधी, ट्रॅक्टर नंतर

ट्रॅक्टर घ्यायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती एचपीचा? नांगरणीसाठी तो प्रश्न रास्त आहे. गवताच्या कामात मात्र तो सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न आहे, असं माझं ठाम मत आहे. गवत कापायचं, उलथून वाळवायचं, ओळीत ओढायचं, त्याच्या गाठी बांधायच्या आणि त्या गाठी उचलून, वाहून, रचून ठेवायच्या. पहिल्या चार कामांत ट्रॅक्टर फिरवतो आणि ओढतो. पाचव्या कामात तो वजन पेलतो. ताकद कमी पडली तर काम रेंगाळतं, गिअर एक खाली घ्यावा लागतो, एवढंच. वजन पेलताना ट्रॅक्टर कमी पडला तर तो उलटतो. म्हणून मोजायला सुरुवात करायची ती गाठीपासून.

गाठ म्हणजे किती किलो, हे आधी कागदावर लिहून काढावं. चौकोनी लहान गाठ साधारण १५ ते २५ किलोची, एका माणसाने उचलण्याजोगी. तिच्यासाठी लोडर, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेले उचलायचे दांडे, नसला तरी चालतं, माणसं मात्र लागतात. गोल गाठीचं गणित वेगळं. वाळलेलं गवत घट्ट गुंडाळलं की एका घनमीटरमध्ये साधारण १६० किलो बसतं असं धरू. १.२ मीटर व्यास आणि १.२ मीटर रुंदीची गाठ मग २१५ किलोच्या आसपास जाते. रुंदी तीच ठेवून व्यास १.५ मीटर केला की ती ३४० किलो होते. १.५ मीटर रुंद आणि १.८ मीटर व्यासाची गाठ थेट ६०० च्या वर. व्यास डोळ्याला थोडासाच वाढलेला दिसतो, पण वजन व्यासाच्या वर्गाने वाढतं, आणि फसगत होते ती इथेच. बेलरने, म्हणजे गाठी बांधणाऱ्या यंत्राने, अधिक घट्ट दाबलं तर हेच आकडे वीस-पंचवीस टक्क्यांनी वर जातात. अर्धवट ओलं गवत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मुरघास करायचा असेल तर त्याच आकाराची गाठ दीडपट ते दुप्पट भरते. आज सुकं गवत बांधणारा माणूस एखाद्या पावसाळी हंगामात मुरघासाकडे वळतो. ट्रॅक्टर तेवढ्यासाठी बदलता येत नाही, म्हणून सगळ्यात जड गाठ कोणती होऊ शकते ते धरूनच हिशेब मांडावा.

शेतावर एवढ्या वजनाची गाठ ही तशी अलीकडची गोष्ट आहे. मोठ्या गोल गाठी बांधणारा बेलर १९७१ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्मिअर कंपनीने बाजारात आणला. त्याआधीचे बहुतेक ट्रॅक्टर हाताने उचलायच्या गाठींच्या काळात घडलेले. ते आजही उत्तम चालतात, ओळी ओढायला तर झकास आहेत. पण त्यांच्या पुढच्या नाजूक ॲक्सलवर लोडर बसवून अर्ध्या टनाची गाठ उचलायला लावणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय आहे. आधी स्टिअरिंग जड होतं, मग स्पिंडलचे, म्हणजे पुढचं चाक ज्यावर बसतं त्या दांड्याचे, बुश झिजतात आणि एक दिवस खड्ड्यात चाक आदळल्यावर स्पिंडल मोडतो.

आता लोडरच्या माहितीपत्रकातला आकडा. '१००० किलो क्षमता' असं छापलेलं असतं, आणि ती क्षमता बहुतेक वेळा लोडरच्या टोकाच्या पिनवर मोजलेली असते. गाठ पिनवर बसत नाही. गाठीत खुपसायचा भाला, त्याची चौकट आणि गाठीची अर्धी जाडी धरली तर गाठीचा मध्य पिनच्या पाऊण मीटर तरी पुढे असतो. एवढ्या अंतराने उचलण्याची ताकद चौथ्या हिश्श्याने किंवा त्याहून जास्त घटते. त्यातून भाल्याच्या चौकटीचं वजन वजा करावं लागतं. शिवाय काही पत्रकांत जमिनीलगतची ताकद छापतात आणि पूर्ण उंचीवरची वेगळी, लहान अक्षरांत. गाठी तीन थर रचायच्या असतील तर आपल्या कामाचा आकडा पूर्ण उंचीवरचाच. माझा साधा हिशेब असा: पूर्ण उंचीवर पिनजवळ मोजलेली क्षमता सर्वात जड गाठीच्या दुप्पट असावी. ४५० किलोच्या गाठीला ९०० किलो. यापेक्षा कमीत काम होतं, पण मग तेलाचा जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह सतत किंचाळत राहतो आणि तेल तापतं.

लोडर उचलू शकतो म्हणून ट्रॅक्टर तोलू शकतो, असं नसतं. एक उदाहरण घेऊ. ट्रॅक्टर २२०० किलोचा, दोन्ही ॲक्सलमधलं अंतर २ मीटर, मागच्या ॲक्सलवर १३२० आणि पुढच्या ॲक्सलवर ८८० किलो. ४०० किलोचा लोडर बसवला, ज्याचं वजन पुढच्या ॲक्सलच्या साधारण ७० सेंटिमीटर पुढे पडतं. आणि ४५० किलोची गाठ भाल्यावर घेतली, तिचा मध्य पुढच्या ॲक्सलच्या १.८ मीटर पुढे. आता तराजूसारखं गणित करा. पुढच्या ॲक्सलवर २२७५ किलो येतात आणि मागे उरतात फक्त ७७५. म्हणजे एकूण वजनाचा तीन चतुर्थांश भाग पुढच्या दोन लहान चाकांवर. टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला ब्रेक मागच्या चाकांनाच असतात, आणि तीच चाकं हलकी झालेली. उतारावर ब्रेक दाबला की ती नुसती घसरतात. आता मागे, ॲक्सलच्या १ मीटर मागे येईल असं ५०० किलोचं वजन थ्री पॉइंटला, म्हणजे मागच्या लिफ्टला, टांगा. मागची चाकं १५२५ किलोवर येतात आणि पुढचा भार २५० किलोने उतरतो. काँक्रीटचा एक ठोकळा एवढं करतो. लोडरवर खर्च करणारे लोक या ठोकळ्यासाठी का कुरकुरतात, हे मला खरोखर कळत नाही.

मागच्या टायरमध्ये पाणी भरणं हाही उपाय आहे, साधारण तीन चतुर्थांश टायर भरेपर्यंत. थंड भागात गोठू नये म्हणून कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. ते पाण्याहून जड असल्याने वजनही वाढतं, पण गळलं तर रिम खातं. मात्र टायरमधलं पाणी ॲक्सलच्याच जागी वजन देतं, टांगलेला ठोकळा ॲक्सलच्या मागे. पुढचा ॲक्सल हलका करायचं काम ठोकळाच करतो. पाणी ट्रॅक्टरला खाली धरून ठेवतं. दोन्ही असतील तर उत्तम.

मागच्या लिफ्टला भाला लावून गाठ वाहणं सोपं आणि स्वस्त आहे, लांब पल्ल्याला तर तेच चांगलं. तिथे चूक उलट दिशेने होते. तीच ४५० किलोची गाठ मागच्या ॲक्सलच्या १.६५ मीटर मागे टांगली की पुढच्या ॲक्सलवरून ३७० किलो उचलले जातात. २००० किलोच्या टू व्हील ट्रॅक्टरच्या पुढच्या ॲक्सलवर मुळात ७०० असतील, तर उरले ३३०. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या निदान वीस टक्के भार पुढे राहिला तरच स्टिअरिंग भरवशाचं, म्हणजे इथे ४०० हवेत. म्हणून पुढच्या बंपरवर वजनं. आणि लिफ्टची क्षमता वाचताना ती खालच्या दांड्यांच्या टोकाशी मोजली आहे की टोकापासून ६१० मिलिमीटर मागे, ते पाहा. दोन्ही आकड्यांत बराच फरक असतो, आणि गाठीशी जुळणारा आकडा दुसरा.

उताराबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण कुरण सपाट क्वचितच असतं. ट्रॅक्टर चार चाकांवर उभा दिसतो, पण तोलाच्या दृष्टीने तो तीन पायांवर उभा असतो. पुढचा ॲक्सल मधल्या एका पिनवर डुलतो. त्यामुळे आधाराचा आकार चौकोन नसून त्रिकोण असतो: मागची दोन चाकं आणि पुढची ती पिन. रिकाम्या ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य मागे, त्रिकोणाच्या रुंद भागात असतो. लोडरवर गाठ घेतली की तो पुढे सरकतो, म्हणजे त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे. गाठ उंच उचलली की तो वरही जातो. आडव्या उतारावर वरच्या बाजूचं चाक एखाद्या दगडावर चढलं तरी एवढ्यात ट्रॅक्टर कलंडू शकतो. पुढचा ॲक्सल त्याच्या अडणीला टेकेपर्यंत पुढची चाकं कसलाच आधार देत नाहीत, आणि टेकेपर्यंत उशीर झालेला असतो. मागचं ठोकळ्याचं वजन इथेही उपयोगी पडतं, कारण ते गुरुत्वमध्याला परत रुंद भागाकडे ओढतं. गाठ गुडघ्याच्या उंचीवर ठेवून चालायचं, उतारावर आडवं न जाता सरळ चढायचं-उतरायचं, आणि रचायच्या जागी पोहोचल्यावरच उचलायची.

म्हणूनच मागच्या चाकांमधलं अंतर वाढवता येणारा ट्रॅक्टर कुरणासाठी मोलाचा. आणि उलटण्यापासून वाचवणारी चौकट नसेल तर मी त्या ट्रॅक्टरकडे वळूनही पाहू नये असं सांगेन. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरना ती १९५९ मध्येच सक्तीची केली. चौकट आणि पट्टा ही जोडी आहे. पट्टा न लावता चौकट असेल तर उलटताना माणूस बाहेर फेकला जातो आणि तीच चौकट त्याच्यावर येते. गोल गाठ उघड्या ट्रॅक्टरवर साध्या बकेटमध्ये तर कधीच उचलू नये. बकेट जास्त मागे झुकली की गाठ लोडरच्या दांड्यांवरून घरंगळत थेट सीटवर येते. भाला किंवा दोन्ही बाजूंनी पकडणारा चिमटाच वापरावा.

आता पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे निघालेला, जोडलेलं यंत्र इंजिनाच्या ताकदीने फिरवणारा शाफ्ट. बेलरसाठी ट्रॅक्टर निवडताना एक गोष्ट अशी आहे जिच्यावर तडजोड करू नये: चाकं थांबली तरी पीटीओ फिरत राहिला पाहिजे. गवताची ओळ सगळीकडे सारखी नसते. मध्येच जाड गोळा येतो. अशा वेळी ट्रॅक्टर थांबवून बेलरला तो गोळा खाऊ द्यायचा असतो. एकाच क्लचच्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबला की चाकांबरोबर बेलरही थांबतो, नेमका तोंडात घास असताना. मग यंत्र वाचवायला आधी तुटावा म्हणून बसवलेला शिअर बोल्ट तुटतो, किंवा हाताने गवत उपसत बसावं लागतं, आणि बेलरच्या तोंडाशी हात जाण्याचे अपघात अशाच वेळी होतात. डबल क्लचमध्ये पेडल अर्धं दाबलं की फक्त चाकं थांबतात, पूर्ण दाबलं की पीटीओही थांबतो. वेगळ्या लिव्हरवर चालणारा स्वतंत्र पीटीओ त्याहून चांगला. तो चालत्या ट्रॅक्टरवरही सुरू-बंद करता येतो.

एकाच क्लचच्या ट्रॅक्टरला आणखी एक दोष आहे. गवत छाटणाऱ्या रोटरी कटरची पाती किंवा बेलरचं फ्लायव्हील वेगात असताना क्लच दाबला तरी ते जड चाक उलट गिअरबॉक्समधून ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहतं. कुंपण समोर आणि ट्रॅक्टर थांबत नाही. पीटीओ शाफ्टवर एकाच दिशेने जोर देणारी ओव्हररनिंग क्लच बसवली की हे थांबतं. छोटा भाग आहे, त्याच्याशिवाय अशा ट्रॅक्टरवर कटर चालवू नये.

बहुतेक गवताची यंत्रं मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालतात, सहा खाचांच्या ३५ मिलिमीटर शाफ्टवर. मोठी यंत्रं १००० फेऱ्यांची, त्यांना बारीक २१ खाचा. काही ट्रॅक्टरना ५४० चा इकॉनॉमी वेग असतो, ज्यात इंजिन कमी फेऱ्यांवर असतानाच शाफ्टला ५४० मिळतात. गवत उलथणारा टेडर आणि ते ओळीत ओढणारा, पीटीओवरचा रेक यांना ताकद थोडीच लागते, तिथे तो डिझेल वाचवतो. बेलरला मात्र पूर्ण वेग द्यावा. यंत्र ओढणाऱ्या ड्रॉबारच्या हूकचं छिद्र शाफ्टच्या टोकापासून ५४० साठी ३५ ते ४० सेंटिमीटरवर असावं. ते जवळ आलं तर वळणावर शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींत पूर्ण घुसून बेअरिंगवर आदळतात, आणि लांब गेलं तर नळ्या निसटतात. वळताना आणि खड्ड्यातही त्या एकमेकींत निदान तिसऱ्या हिश्श्याइतक्या बसलेल्या हव्यात.

एचपीकडे आता येऊ. पीटीओवर मिळणारी ताकद इंजिनाच्या ताकदीच्या साधारण ८५ टक्के असते, आणि यंत्राच्या पुस्तिकेतला आकडा पीटीओचा असतो. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये कायदा करून १९२० पासून ट्रॅक्टरच्या चाचण्या सुरू केल्या त्या कंपन्यांच्या जाहिरातींवर विसंबायला लागू नये म्हणूनच. अशा स्वतंत्र चाचणीचा अहवाल मिळाला तर तोच वाचावा. ढोबळ अंदाज असे: दोन मीटरचा कात्रीसारखा कटर बार वीस-पंचवीस एचपीत चालतो, १.६५ मीटरचा ड्रम मोअर तीस-पस्तिसात, २.४ मीटरचा डिस्क मोअर चाळीस ते पन्नासात. रोटरी कटरला रुंदीच्या दर फुटाला पाच. लहान चौकोनी बेलर पस्तीस-चाळिसात, १.२ मीटरचा गोल बेलर पंचेचाळीस-पन्नासात, १.५ मीटरचा साठच्या पुढे.

हे आकडे सपाट जमिनीचे. अडीच टनांचा ट्रॅक्टर, दोन टनांचा बेलर आणि पोटात ४०० किलोची गाठ, असा लवाजमा शंभर मीटरला दहा मीटर चढणाऱ्या उतारावर ताशी ७ किलोमीटरने न्यायला नुसत्या चढासाठी बारा-तेरा एचपी लागतात. चाकांची घसर धरली तर पंधरा. तेवढे बाजूला काढून उरलेल्यात बेलर चालायला हवा. आणि उतरताना तोच लवाजमा मागून ढकलतो. तिथे एचपीचा काही उपयोग नाही, ट्रॅक्टरचं वजनच लागतं. फोर व्हील मी शिफारस करतो ती मुख्यतः याच कारणासाठी. पुढचा ॲक्सल जोडला की इंजिनाचा रोध चारही चाकांना मिळतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र तो सोडवून ठेवावा, नाहीतर पुढची चाकं किंचित जास्त वेगाने फिरत असल्याने गिअर आणि टायर विनाकारण झिजतात. लहान चौकोनी बेलरचा गवत दाबणारा प्लंजर मिनिटाला ऐंशीच्या आसपास ठोके मारतो, हलका ट्रॅक्टर त्या ठोक्यांबरोबर पुढे-मागे हिसके खातो. जड ट्रॅक्टर ते गिळून टाकतो.

गिअर किती आहेत यापेक्षा कुठे आहेत ते पाहावं. गवताचं जवळजवळ सगळं काम ताशी ४ ते १२ किलोमीटरमध्ये होतं, आणि पीटीओचा वेग कायम ठेवून चालीचा वेग बदलायचा असतो. आठ पुढे-दोन मागे अशा साध्या गिअरबॉक्समध्ये या पट्ट्यात दोन-तीनच गिअर सापडतात: एकात बेलर उपाशी, पुढच्यात तुंबलेला. निदान पाच गिअर या पट्ट्यात हवेत. लोडरच्या कामाला शटल लिव्हर, म्हणजे क्लच न झिजवता पुढे-मागे करता येणारी सोय, दिवसभरात शेकडो वेळा उपयोगी पडते. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबाने चालणारा ट्रॅक्टर लोडरसाठी फार सुखाचा, पण तो बरीच ताकद तेल तापवण्यात घालवतो. बेलर ओढायला तो नको.

टायरबद्दल थोडक्यात. उंच खाचांचे शेती टायर ओल्या उतारावर धरून ठेवतात, पण जागच्या जागी वळलं की गवताची मुळं उखडतात. सपाट टर्फ टायर कुरण जपतात, चिखलात हतबल होतात. गवत कापणीला उतार असेल तर शेती टायर, रेडियल, आणि कमी हवेवर. जमिनीचा वरचा थर टायरच्या दाबाने आवळतो, खोलवरचा थर ॲक्सलवरच्या एकूण भाराने. म्हणून गरजेपेक्षा जड ट्रॅक्टर ओल्या कुरणावर नेणं हेही नुकसानच. ठोकळा काढता-घालता येतो हा त्याचा आणखी एक गुण.

भुशाची काळजी ट्रॅक्टर बघतानाच करावी. वाळलेल्या गवताची भुकटी रेडिएटरच्या जाळीवर अर्ध्या दिवसात गादीसारखी बसते. जाळी हत्याराशिवाय ओढून काढता येते का? हवा आतून बाहेर मारायला जागा आहे का? एक्झॉस्टच्या खाली भुसा साचेल असे कप्पे आहेत का? आगी तिथूनच लागतात, म्हणून विझवण्याचं सिलिंडर हाताच्या अंतरावर असावं. पुढच्या ॲक्सलच्या हबभोवती सुतळी गुंडाळली जाते आणि ऑइल सील कापते, बाहेरून काही दिसत नाही आणि हब कोरडा पडतो.

हवामान तीन-चार दिवसच मोकळीक देतं आणि त्यात टेडर, रेक आणि बेलर सगळं आटपायचं असतं. माझ्या मते एका मोठ्या नव्या ट्रॅक्टरपेक्षा दोन मध्यम, वापरलेले ट्रॅक्टर बरे. जड फोर व्हील बेलर आणि लोडरला, हलका जुना रेकला. रेक पुढे चालतो, बेलर मागून येतो, आणि एक बंद पडला तरी गवत भिजत नाही.

वापरलेला ट्रॅक्टर पाहताना आधी इंजिन आणि तेल पूर्ण तापू द्या, थंड तेलात झिजलेला पंपही जोरात चालतो. पीटीओ सुरू करून क्लच अर्धा दाबा: चाकं थांबून शाफ्ट फिरत राहिली पाहिजे. लोडरवर खरी गाठ किंवा तेवढं वजन घेऊन छातीइतकं उचला, इंजिन बंद करा, पाच मिनिटं किती खाली येतं ते पाहा, आणि त्या वेळात त्याखाली कोणी उभं राहू नये. मग वजन काढून बकेट जमिनीवर दाबून पुढची चाकं अधांतरी करा, ॲक्सलखाली मजबूत आधार लावा, चाकं हलवून पाहा, मधल्या पिनची झीज तपासा. लोडरची चौकट जिथे क्लच हाउसिंगला बोल्टने बसते तिथे तडा, ताजा रंग किंवा तेलाचा ओघळ असेल तर तिथे भार सोसून कास्टिंग थकलेलं आहे. शेवटी इंजिन बंद असताना पीटीओवर नवी योक, म्हणजे यंत्राच्या शाफ्टचं जोडायचं तोंड, चढवून हाताने हलवा. ती खडखडली तर शाफ्टच्या खाचा झिजल्या आहेत. ती शाफ्ट बाहेरून सुटी काढता येते की मागचा गिअरबॉक्स उघडावा लागतो, हे विकणाऱ्याला तिथेच विचारावं आणि मगच भावाकडे यावं.